आधी पुसलं, मग वाचलं

माझी बायको रेमेत आणि मी मिळून शेवटचं साधं काम केलं ते म्हणजे एका खोट्या पिस्तुलाचा फॉर्म भरला.

रविवार होता. चर्चमध्ये मिस्सा करून आम्ही घरी आलो होतो. गॅसवर बोंबलाचं कालवण होतं, आणि बाहेर थंडी इतकी की खिडकी उघडायची सोय नाही, त्यामुळे पडद्यांनासुद्धा बोंबलाचा वास. रेमेत चष्मा लावून किचन टेबलाशी बसली, मी समोर. आमच्या घरातली पद्धतच होती ती. मी बोलायचं, तिनं लिहायचं. मी वसईला सातवीपर्यंत शिकलो, आणि सातवीतलंही अर्धं वर्ष केळीच्या वाडीत गेलं. इंग्रजी म्हणाल तर डब्यावरच्या सूचनांपुरतं. डेंजर. पॉयझन. पाण्यात मिसळा. डोळ्यांपासून लांब ठेवा. रेमेत मॅट्रिक पास. तिचं अक्षर छापल्यासारखं.

"काय सापडलं?" तिनं विचारलं.

"ड्रामा रूमच्या छतात पिस्तूल."

"येशू! खरं?"

"प्लास्टिकचं गो. नाटकातलं. कुणा गाढवानं छताची टाइल वर ढकलून आत टाकलेलं. मी ट्यूब बदलायला शिडीवर चढलो तर टाळक्यात पडलं."

"मग?"

"मग काय, नेऊन प्रिन्सिपलबाईच्या टेबलावर ठेवलं. बाई अशी किंचाळली की सेक्रेटरीच्या हातातली कॉफी सांडली. लिही तसं."

"तसं नाही लिहीत. मी लिहिते, प्रिन्सिपलनी काळजी व्यक्त केली."

"काळजी? अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू आली ती काळजी."

"इनास, हा कागद फाइलमध्ये राहतो. उद्या कुणी वाचलं तर त्या बाईची शोभा होईल. सही कर इथं. आणि सरळ रेषेत कर, मागच्या वेळी खाली उतरली होती."

मी सही केली. ती परत खाली उतरली. रेमेत म्हणाली, "शाळेत कामाला जातोस असं सांगू नकोस कुणाला."

सोमवारी सकाळी मी तो कागद ऑफिसात दिला. त्याच दिवशी दहा वाजता मला जिममधून बोलावून घेतलं. रेमेत ओट्यापाशी पडली होती. डोक्यात रक्तस्राव. संध्याकाळी गेली. तिच्या मरणाबद्दल यापुढे लिहीत नाही. लिहायला बसलो तर अंकात दुसऱ्या कुणाचा लेख मावायचा नाही.

आपल्या मंडळाच्या नाताळ अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला. म्हणाल्या, "इनास अंकल, बॉर्डरपलीकडे अमेरिकेत शाळांमध्ये गोळीबार होतात, रोज न्यूजमध्ये असतं. तुम्ही इथल्या शाळेत इतकी वर्षं काढलीत, त्यावर लिहा." मी म्हणालो, "बाय, मी मास्तर नव्हतो, मी संडास धुतले." त्या म्हणाल्या, "तेच लिहा." तर लिहितोय. कॅनडात ग्वेल्फला कसा आलो, पहिल्या विंटरला कसा घसरलो, हे सगळं सोडून देतो. आपण सगळे एकाच विमानानं आल्यासारखे तेच तेच सांगतो.

मी हायस्कूलमध्ये कस्टोडियन होतो. पोरं जॅनिटर म्हणायची, मास्तर लोक कस्टोडियन म्हणायचे, आणि टॉयलेट तुंबलं की सगळेच "सर" म्हणायचे. सकाळी सहाला मी कुलूप काढायचं, हीटिंग बघायची, पायऱ्यांवरचं बर्फ शोव्हल करायचं, मीठ टाकायचं. मग अख्ख्या इमारतीला एक फेरी. या फेरीला आमच्या धंद्यात फार मान आहे. बाराशे पोरं येण्याआधी शाळा कशी आहे ते फक्त एका माणसाला ठाऊक असतं, आणि तो मी.

फेरीचं मुख्य काम म्हणजे भिंती. मला काम शिकवलं टोनी नावाच्या इटालियन म्हाताऱ्यानं. त्याचा नियम होता की भिंतीवर कुणी काही लिहिलं तर पहिली घंटा व्हायच्या आत ते गेलं पाहिजे. एक राहिलं तर दुपारपर्यंत त्याच्याखाली दहा होतात. आणि दुसरा नियम, "वाचू नकोस. वाचणाऱ्याचा हात थांबतो." मला तर वाचायला वेळच लागायचा, त्यामुळे हा नियम फार सोयीचा वाटला. मी भिंतीकडे अक्षरं म्हणून बघतच नसे, शाई म्हणून बघे. ही मार्करची, ही बॉलपेनची, ही लिपस्टिक, हे चावीनं कोरलेलं, याला पॉलिश पेपर लागणार. शाई ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या स्कूल बोर्डात कुणी नव्हता. हे फुशारकीनं सांगतोय, सांगू द्या.

आता तो फॉर्म. इथं ऑन्टॅरिओत कायदा असा आहे की शाळेत काम करणाऱ्या कुणालाही, मग तो मास्तर असो, बसवाला असो की झाडूवाला, एखाद्या मुलाकडून गंभीर काही घडल्याचं कळलं, मारामारी, धमकी, हत्यार, तर त्यानं लगेच प्रिन्सिपलला सांगायचं आणि नंतर लिहून द्यायचं. बंदुकीचा विषय असला की प्रिन्सिपल पोलिसांना कळवतात. फॉर्मच्या शेवटी एक पावती असते. ती भरून प्रिन्सिपलनं सांगणाऱ्याला परत द्यायची, की तुमचा रिपोर्ट मिळाला, आणि आम्ही कृती केली किंवा गरज नव्हती. कुणाचं नाव नाही, काय केलं ते नाही. फक्त एक टिकमार्क.

कायद्याची मीटिंग झाली तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसून चिडलो होतो. म्हटलं, झालं, अजून एक कागद. घरी येऊन रेमेतला म्हणालो, "आता मला लिहायला लावणार हे." ती म्हणाली, "तुला कुठे, मला."

सुरुवातीला सगळा तमाशाच. एकदा नोव्हेंबरमध्ये जिमच्या बाकाखाली मला बंदुकीचं काडतूस सापडलं. लाल, आंगठ्याएवढं, रिकामं. पूर्वी असं काही सापडलं असतं तर कचऱ्यात टाकून मी पुढे गेलो असतो. आता सांगणं भाग. सांगितलं. ताबडतोब बाहेरचे सगळे दरवाजे बंद. ती कुलपं लावायचं काम पण माझंच. तीन तास पोरं वर्गात, पोलिसांच्या दोन गाड्या, आया पार्किंग लॉटमध्ये रडतायत. शेवटी कळलं की शेतावरून येणाऱ्या एका मुलानं काकाचं शिकारीचं जॅकेट घातलं होतं, आणि गेल्या वर्षीच्या हरणाचं काडतूस अस्तरात राहिलं होतं. तो मुलगा मला नंतर कॉरिडॉरमध्ये भेटला. म्हणाला, "सॉरी हं, तुम्हाला त्रास झाला." मी म्हणालो, "काकाला सांग, खिसे शिवून घे."

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. कचऱ्याच्या डब्यातून एक वही वर आली, तिच्यात पानोपानी बंदुका, टँक, पडलेली माणसं. ती मी नेऊन दिली. तो मुलगा नवीन होता, लढाईतून पळून आलेल्या घरातला. त्यानं जे बघितलं ते काढलं होतं. कौन्सेलरनं त्याच्याशी बोलणं सुरू केलं, त्याचं बरंच झालं असं म्हणतात. पण तोपर्यंत तो मला रोज हात करायचा, त्यानंतर त्यानं हात केला नाही. कायदा बरोबर होता, मीही बरोबर होतो, आणि तरी माझं एक गिऱ्हाईक तुटलं. हे फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते.

आता मूळ गोष्ट.

रेमेत जाऊन तीन महिने झाले होते. फेब्रुवारी. मी कामावर परत आलो होतो कारण घरी बसून काय करणार. खरं सांगायचं तर मी कामावर होतो आणि नव्हतोही. हात चालायचे. जेवणाचा डबा नेत नव्हतो. मुलगी ग्लोरिया ओटावाहून रोज फोन करायची, "डॅड, डिड यू ईट?" मी म्हणायचो, "खाल्लं." तिला कळायचं की खोटं आहे, आणि तिला कळतंय हे मला कळायचं.

त्या आठवड्यात संध्याकाळच्या पाळीचा माणूस फ्लूनं पडला होता, म्हणून दुसऱ्या मजल्याचे वॉशरूम मीच मंगळवारी संध्याकाळी पाचला साफ केले. बुधवारी सकाळी साडेसहाला फेरीत तिथंच परत गेलो. मुलींच्या वॉशरूममध्ये शेवटच्या दाराआड, भिंतीवर अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, चंदेरी शाईनं तीन ओळी.

चंदेरी म्हणजे पेंट मार्कर. साध्या स्प्रेनं निघत नाही, त्याला वेगळं औषध लागतं, हातमोजे लागतात. मी मोजे घातले, फडका भिजवला, खालून वर पुसायला लागलो. औषध खाली ओघळतं, म्हणून नेहमी खालून वर पुसायचं, हा पण टोनीचाच धडा. शेवटची ओळ गेली. मधली ओळ पुसता पुसता डोळ्यांपुढून तीन अक्षरं गेली. जी, यू, एन. हात चालूच होता. वरची ओळ गेली. मी उठलो, सिंककडे वळलो, फडका पिळणार, आणि तेव्हा ती अक्षरं डोक्यात पोचली. ग्रँडपाज गन. आणि वर एकच शब्द होता, टुमॉरो.

मी मागे वळून बघितलं. भिंत अशी लख्ख की जाहिरातीत लावावी.

खालची ओळ मी वाचलीच नव्हती.

मी तिथं जमिनीवर बसलो. पहिला विचार काय आला ते खरं लिहितो, कारण या वयात खोटं लिहून कुणाला खूश करायचंय? पहिला विचार असा आला की कुणी बघितलं नाही. पुरावा पुसला म्हणून बोर्ड मला धरेल. मीटिंगमध्ये दहा वेळा सांगितलेलं, धमकी असेल तर हात लावू नका, फोटो काढा, बोलवा. आणि पोरं काय, काहीही लिहितात. मी गप्प बसलो तर ही भिंत कधीच काही बोलली नव्हती.

दहा मिनिटं मी असा बसलो. ती दहा मिनिटं मला अजून परत मिळालेली नाहीत.

मग दुसरा विचार आला. टुमॉरो म्हणजे उद्या. कुणी दुसऱ्यानं ते वाचलं असतं तर म्हणालं असतं, उद्या म्हणजे गुरुवार, अजून एक दिवस आहे. पण काल संध्याकाळी पाचला ही भिंत मी स्वतः पुसली होती, ती कोरी होती. इमारतीला सहाला कुलूप मीच घातलं, सकाळी सहाला मीच काढलं. म्हणजे लिहिलं ते काल पाच ते सहाच्या मध्ये. कालचं उद्या म्हणजे आज. हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि पहिली बस आठला येणार होती.

मी प्रिन्सिपलबाईंच्या घरी फोन लावला. मिस हॉलोवे त्यांचं नाव. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, इथं मराठीत लिहितो.

"मॅडम, इनास. भिंतीवर बंदुकीचं लिहिलं होतं. आजचं."

"होतं म्हणजे?"

"मी पुसलं."

मग त्या म्हणाल्या, "फोटो?"

"नाही. आधी पुसलं, मग वाचलं. तीन ओळी होत्या, दोन वाचल्या. तिसरी गेली. माझी चूक."

मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "दारं उघडू नकोस. मी पोलिसांना फोन करते आणि निघते. त्या वॉशरूममधल्या दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस." आणि मग, "इनास, तू फोन केलास. आता हलू नकोस तिथून."

मी दाराबाहेर उभा राहिलो, मॉप आडवा धरून, जसा काही मॉप बघून कुणी घाबरणार होतं.

सात वाजायच्या आत पोलीस आले. एक तरुण बाई होती, तिनं माझं म्हणणं ऐकलं, रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही हे का पुसलंत?"

"ते माझं काम आहे."

"बरं," ती म्हणाली, "मग तुमच्या कामातलं जे माहीत असेल ते सांगा."

अख्ख्या आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. शाई पेंट मार्करची, चंदेरी, आणि ती फक्त आर्ट रूममध्ये असते, कारण बाकी कुठे ठेवायची नाही असा मीच भांडून नियम करून घेतलाय. गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे लिहिणारी जमिनीवर बसली होती, उभी नव्हती. म्हणजे घाईत नव्हती. अक्षरं उजवीकडे फासटलेली होती. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा तळवा ओल्या शाईवरून जात नाही, डावखुऱ्याचा जातो. तिच्या हाताच्या कडेला चंदेरी लागलेलं असणार, आणि ते साबणानं निघत नाही. "आणि बघा," मी म्हणालो, "सिंक मी अजून धुतलेलं नाही."

नळावर चंदेरी डाग होता. पोलीसबाईनं त्याचा फोटो काढला. मला त्या नळाची पापी घ्यावीशी वाटली.

मंगळवारी संध्याकाळी व्हॉलीबॉलची टीम बाहेर गेली होती. इमारतीत फक्त आर्ट क्लब होता. मिस हॉलोवेंनी आर्टच्या बाईंना घरी फोन लावला, स्पीकरवर. "काल क्लबमध्ये डावखुरं कोण होतं?" आर्टच्या बाईंनी एक नाव घेतलं आणि मग म्हणाल्या, "ओ नो." त्या मुलीनं जाताना त्यांना आपली सगळी चित्रं देऊन टाकली होती. ठेवून घ्या म्हणाली होती. बाईंना वाटलं, काय गोड मुलगी.

मला ती माहीत होती. नाव सांगत नाही. शाळेत बाराशे जण माझ्या ओल्या फरशीवरून बूट घेऊन जायचे, ती भिंतीला चिकटून कडेकडेनं जायची आणि प्रत्येक वेळी सॉरी म्हणायची.

पोलीसबाई रेडिओवर बोलत बाहेर गेली. ती मुलगी गावाबाहेर राहायची, तिची बस सात वीसला. बसवाल्याला विचारलं, तर ती स्टॉपवर आली नव्हती. इतर बसेस रस्त्यातच थांबवल्या, घरोघर मेसेज गेले, शाळा उशिरा उघडणार. मी ऑफिसातल्या खुर्चीवर बसलो होतो. मिस हॉलोवे उभ्या होत्या, फोनकडे बघत. मी तिसऱ्या ओळीचा विचार करत होतो. तिथं कुणाचं नाव होतं का? कुठल्या वर्गाचं? मी डोळे मिटून ती ओळ आठवायचा प्रयत्न केला. शाई आठवत होती. चमक आठवत होती. अक्षर एक नाही. तीस वर्षं मी स्वतःला शिकवलं होतं न वाचायला, ते इतकं चांगलं शिकलो होतो.

रेमेतची तेव्हा फार आठवण आली. सांत्वनासाठी नाही. ती असती तर म्हणाली असती, "बसून काय राहिलास, त्या बाईला चहा तरी दे." म्हणून मी उठून चहा केला. टी-बॅगचा, पाणीदार. मिस हॉलोवेंनी तो तसाच हातात धरून ठेवला.

आठला दहा मिनिटं असताना फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं, "थँक यू" म्हणाल्या, ठेवला. आणि टेबलाला धरून हळूहळू खुर्चीत बसल्या.

"सापडली. घरीच होती. सगळे सुखरूप आहेत," त्या म्हणाल्या. "तिच्यासकट."

मी म्हणालो, "तिच्यासकट म्हणजे?"

"तिनं आपली सगळी चित्रं देऊन टाकली होती, इनास." तेव्हा मला कळलं. सकाळपासून मी शाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या कुणाचा तरी विचार करत होतो. घरात स्वतःच्याच जिवावर उठलेल्या त्या मुलीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

"बंदूक?"

"पोलिसांकडे आहे. याच्यापुढे मला सांगता येत नाही, इनास."

"नका सांगू, मॅडम. पुरे आहे."

आणि मला भूक लागली. काय सांगू, अशी भूक! तीन महिन्यांची एकदम. सेक्रेटरीच्या टेबलावर ब्लूबेरी मफिनचा डबा होता, त्यातले दोन खाल्ले. मग कॅफेटेरियातल्या बाईनं मॅकरोनी चीज गरम करून दिलं, तेही खाल्लं. इथं आल्यापासून मी त्या पदार्थाला नावं ठेवत आलोय, पिवळा लगदा म्हणतो. त्या दिवशी ताट पुसून खाल्लं. पोरं दहाला आली, नेहमीसारखी आरडाओरडा करत, ओल्या बुटांनी सगळी फरशी घाण करत. मी बघत उभा राहिलो. एकालाही ओरडलो नाही. एक जण म्हणाला, "आर यू ओके, सर?"

मग फॉर्म. मिस हॉलोवे म्हणाल्या, "तू सांग, मी लिहिते." मी म्हणालो, नाही. बॉयलर रूममध्ये जाऊन बसलो. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं, दोन तास लागले. शेवटी असं होतं, आय क्लीन द वॉल. आय रीड आफ्टर. माय मिस्टेक. रेमेतनं लिहिलं असतं की कामाच्या क्रमात त्रुटी राहून गेली. तिनं मला वाचवलं असतं. पण हे मलाच लिहायचं होतं. सही परत खाली उतरली.

मिस हॉलोवेंनी वाचलं. "इंग्रजी सुधारू का?"

"राहू द्या."

बोर्डाकडून मला एक पत्र आलं, पुढच्या वेळी फोटो काढा म्हणून. तेवढंच. पावती मिळाली, तिच्यावर कृती केली या चौकटीत टिकमार्क. ती मुलगी पुढे दुसऱ्या शाळेत गेली, बरी आहे, एवढं उडत उडत कळलं. तिसरी ओळ काय होती ते मला कधीच कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

लोक विचारतात, अशा कायद्यानं बंदुका थांबतात का? मला काय माहीत. मी सातवी शिकलेला माणूस. मला एवढंच कळतं की कायदा नसता तर मी त्या दहा मिनिटांनंतरही गप्पच बसलो असतो, बादली उचलून खालच्या मजल्यावर गेलो असतो. कागदानं कुणाचा जीव वाचत नाही. कागद तुम्हाला तोंड उघडायला लावतो, एवढंच. आणि कधीकधी रात्री नाही, दिवसाढवळ्या, दाढी करताना मनात येतं की त्याआधीच्या तीस वर्षांत मी किती भिंती पुसल्या. त्यांतलं किती कुणीतरी वाचावं म्हणून लिहिलेलं होतं. त्याचा हिशोब लागायचा नाही. देवाकडे लागेल तेव्हा लागेल.

त्या बुधवारी संध्याकाळी ग्लोरियाला फोन केला. नेहमी तीच करते.

"डॅड? व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. फोनमधून फोटो कसा काढतात?"

"यू आर कॉलिंग मी फॉर दॅट?"

"सांग ना गो."

"टॅप द कॅमेरा. देन टॅप द व्हाइट सर्कल. डॅड, डिड यू ईट?"

"मॅकरोनी चीज. दोन मफिन. आणि आता भात लावलाय."

ती मराठीत म्हणाली, "बरं झालं."

गुरुवारी सकाळी सहाला मी कुलूप काढलं, पायऱ्यांवर मीठ टाकलं आणि चष्मा घेऊन वर गेलो. प्रत्येक वॉशरूममध्ये, प्रत्येक दाराआड, वाकून, गरज पडली तिथं जमिनीवर बसून, भिंतीवरचं सगळं वाचलं. बोट ठेवून, एक एक अक्षर जोडत, लहान मुलासारखं. कुणीतरी मॅथ्समध्ये नापास होणार होतं. त्याच्याखाली तिघांनी लिहिलं होतं, मी पण. कुणाचं कुणावर प्रेम होतं. कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलं होतं की जॅनिटरला माशांचा वास येतो, जे खरं आहे. मुलांच्या बाजूला एक चित्र होतं, ते काय होतं ते नाताळ अंकात लिहिता येणार नाही. सगळ्याचे फोटो काढले. सव्वासातला मिस हॉलोवे आल्या, मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्या एक एक बघत गेल्या, त्या चित्रापाशी थांबल्या आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

"इनास, हे मला दाखवायची गरज नाही."

"ते तुम्ही ठरवा, मॅडम. मी वाचणार आणि दाखवणार."

त्यांनी परत एकदा सगळे फोटो बघितले, या वेळी न हसता, सावकाश. मॅथ्सवाल्या फोटोपाशी थांबून वहीत काहीतरी टिपलं. मग फोन मला परत दिला. "काळजीचं काही नाही. पूस."

मी औषध घेतलं, मोजे घातले, वर गेलो आणि पहिली घंटा व्हायच्या आत सगळं पुसून काढलं.